शाळेच्या भिंतीवरचं वाक्य

हवालदार दशरथ बोडके, मुक्काम घोटीजवळची एक वाडी. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की मी हे नाव सांगतो आणि ऐकणारा जरा हिरमुसतो. बी. ए. झालेला माणूस एखाद्या प्राध्यापकाचं नाव घेईल, असं त्याला वाटत असतं. प्राध्यापकांचे उपकार आहेतच. मनमाडला रेल्वेत खलाशी असलेल्या माणसाचा मुलगा पदवी घेतो, तेव्हा त्यात फी माफ करणाऱ्यापासून जुनी पुस्तकं देणाऱ्यापर्यंत पुष्कळांचा हात असतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी वडिलांनी स्टेशनवर ओळखीच्या प्रत्येक गार्डाला पेढा दिला होता. पण खरं लिहावं कसं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते बोडके उस्तादांनी शिकवलं, जे स्वतः सही करताना जीभ बाहेर काढत.

फौजेत क्लार्क असतो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. तोफखान्याच्या रेजिमेंटमध्ये मी क्लार्क म्हणून लागलो. सुट्टीवर घरी आलो की वडिलांचे सोबती विचारायचे, "किती मारले?" मी प्रामाणिकपणे सांगायचो, "महिन्याला दोन रिबिनी." टाइपरायटरच्या. वडील घाईघाईनं विषय बदलायचे.

क्लार्कचं काम म्हणजे रजा, बदल्या, हजेरी, हरवलेल्या वस्तूंचे अहवाल. याशिवाय एक काम कुठल्याच नियमात लिहिलेलं नसतं, ते म्हणजे जवानांची पत्रं. आमच्याकडे मराठी जवान पुष्कळ, आणि मी बी. ए., त्यातून मराठी घेऊन. त्यामुळे संध्याकाळी माझ्या तंबूबाहेर रांग लागायची. येवल्याकडचा एक जवान वडिलांना लिहायला सांगायचा, तर दोन ओळी वडिलांना आणि उरलेलं पान बैलाला. दुसऱ्या एकाचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या बायकोला त्याच्या वतीनं मी सात-आठ पत्रं लिहिली. चंद्र, चांदणं, हिमशिखरं, सगळं घातलं. लग्न होऊन तो परत आला तो माझ्यावर चिडूनच. बायकोनं दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "ते पत्रवाले कुठे आहेत?"

मला तेव्हा हसू आलं. त्या बाईनं माझ्या लिखाणातला दोष नेमका पकडला होता, हे काही लक्षात आलं नाही.

बोडके उस्तादांशी माझी ओळख भांडणानं झाली. ते एका तोफेचे प्रमुख होते. तोफेवर सात-आठ माणसं असतात. कुणी गोळा उचलतो, कुणी बारूद भरतो, कुणी नेम जुळवतो, आणि या सगळ्यांचा बाप म्हणजे हवालदार. त्यांच्या तोफेची नळी साफ करायचा दांडा कुठल्याशा मुक्कामावर राहून गेला. मी तंबूत बसून अहवाल टाइप केला, 'एका जवानाच्या निष्काळजीपणामुळे दांडा हरवला.' संध्याकाळी उस्ताद आले, माझं मनगट धरलं आणि मला तोफेपाशी घेऊन गेले. दुसऱ्या तोफेचा दांडा तिथे होता. तो धरून नळीत ढकलायला सहा माणसं लागतात. मला सातवा लावला. अर्ध्या तासानं माझे खांदे सुटल्यावर म्हणाले, "आता लिही बीए. ह्यो दांडा एकटा मानूस कसा हरवल, ते लिही."

तेव्हापासून मी त्यांचा चेला. उस्तादांच्या शिव्या रेजिमेंटभर प्रसिद्ध होत्या. लांबी, लय आणि नातेवाइकांची निवड यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्याला शिवी मिळत नाही त्यानं आपलं काय चुकलं याचा विचार करावा, असा संकेत होता. आणि सगळ्यांत जास्त शिव्या खायचा तो संपत निकम.

संपत चांदवडच्या अलीकडच्या एका गावाचा. अंगानं काटक, तोंडानं चालू. उस्ताद ओरडले की हा शांतपणे म्हणायचा, "उस्ताद, आज आवाज बसलाय तुमचा, घरी सगळं ठीक ना?" आणि पुढची शिवी खायचा. हेल्मेट डोक्यावर कधी नाही. विचारलं तर म्हणायचा, भांगाचं नुकसान होतं.

मग उत्तरेकडच्या पहाडात ती लढाई झाली. आमच्या तोफा दरीतल्या एका सपाटीवर होत्या आणि माझा टाइपरायटर त्यांच्या दोन-तीन मैल मागे. तोफखान्याची लढाई बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. शत्रू दिसत नाही. तो डोंगरापलीकडे असतो. आपण तिकडे गोळे टाकायचे, आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळलं की तो इकडे टाकतो. त्याचा मारा सुरू झाला की हुकूम एकच, खंदकात शिरा.

त्या दुपारी तसाच मारा सुरू झाला. उस्तादांनी सगळ्यांना खंदकात घातलं. एक गोळा जवळ फुटला आणि तोफेवरच्या जाळीनं पेट घेतला. ही जाळी तोफ झाकायला टाकलेली असते. तिच्या एका टोकाखाली बारुदाच्या पिशव्या रचलेल्या होत्या, शेजारी गोळे. खंदक तिथून दहा पावलांवर. आग पिशव्यांपर्यंत गेली असती तर तोफेसकट खंदकातले सगळे गेले असते. संपत हुकूम नसताना वर चढला. जळती जाळी त्यानं हातांनी ओढून उताराला फेकली, पेटू लागलेल्या पिशव्या बाजूला लोटल्या, बाकीच्यांवर माती टाकली. आग विझली. खंदकाच्या तोंडाशी परत आला आणि तिथे त्याला लागलं. तोफ त्याच संध्याकाळी पुन्हा चालू झाली.

हे सगळं मी आता सविस्तर लिहितो आहे. उस्तादांनी त्या वेळी दिलेली जबानी सात वाक्यांची होती. "सगळ्यांना खंदकात जा म्हनलं. सगळे गेले. जाळीनं पेट घेतला. संपत वर गेला. त्यानं आग विझवली. परत येताना त्याला लागलं. गेला." एवढं सांगून ते उठले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत मळलेले होते, ते धुतलेले नव्हते.

शौर्यपदकाच्या शिफारशीसाठी हीच सात वाक्यं पुरली. मी त्यात 'आग ओकणाऱ्या तोफा' वगैरे घालून पाहिलं होतं, ते आमच्या कमांडिंग ऑफिसर साहेबांनी लाल पेन्सिलीनं काढून टाकलं. पण घरी जायचं सांत्वनपत्र मराठीत होतं. साहेब दक्षिणेकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं. लाल पेन्सिलीची भीती नव्हती, आणि माझ्यातला बी. ए. मोकळा सुटला.

पत्रात मी घटना बरोबर लिहिली. पण शेवट मला पांगळा वाटू लागला. वीर जातो तेव्हा काहीतरी म्हणून जातो, असं मी शाळेपासून वाचत आलो होतो. म्हणून लिहिलं, 'प्राण सोडताना आपल्या सुपुत्राच्या मुखातून उद्गार निघाले: माझ्या मातेला सांगा, तिच्या पुत्रानं शत्रूला पाठ दाखवली नाही.' तोफखान्यात शत्रू डोंगरापलीकडे असतो. त्याला पाठ दाखवायची म्हटली तरी दिसणार कशी, हा साधा विचारही मला शिवला नाही.

मी ते उस्तादांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "असं काय तो म्हनला नाय."

मी विचारलं, मग काय म्हणाला?

"ते नको लिहू."

मी म्हणालो, उस्ताद, अशा पत्रात असंच लिहितात. घरच्यांना आधार वाटतो. उस्ताद शिवी न देता निघून गेले. सही घेताना साहेबांना मी हिंदीत अर्थ सांगितला. त्यांनी विचारलं, हे तो खरंच म्हणाला का? मी म्हणालो, "हो सर." पुढं नोकरीत मी पुष्कळ चुका केल्या, त्या सगळ्या खोडरबरनं निघाल्या. ही शाईत होती.

नोकरी संपवून मी नाशिकला आलो. सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला कामगारांची हजेरी लिहिण्यात काही वर्षं काढली, आता तेही सुटलं. घरच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून माजी सैनिकांचे आणि त्यांच्या घरच्यांचे कागद भरून देतो. सवय जात नाही. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक सुभेदार साहेब अर्जावर आपलं वय दर वर्षी कमी सांगतात आणि मी खोडलं की चहा न घेता जातात.

यंदा श्रावणात एक म्हाताऱ्या बाई आल्या. एसटीनं, एकट्या, हातात प्लास्टिकची पिशवी. हयातीचा दाखला हवा होता. हल्ली त्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. बाईंचा अंगठा आयुष्यभराच्या खुरपणीनं इतका झिजलेला, की यंत्र दाद देईना. एक बोट, दुसरं बोट, दहाही झाली. बाई म्हणाल्या, "भाऊ, हे मला मेलीच म्हंतंय का?" मी म्हणालो, मावशी, त्याचं काही मनावर घेऊ नका, ते मलासुद्धा दोनदा म्हणालंय. मग डोळ्यांचा फोटो घेऊन काम झालं. यंत्रानं त्यांना हयात मानलं. त्या म्हणाल्या, "उपकार झाले त्याचे."

नंतर जुने कागद पाहायला मी पिशवी उघडली आणि त्यात माझंच अक्षर निघालं. ते पत्र. घडीवर फाटलेलं, मागून पट्टी चिकटवलेलं.

सुभद्राबाई निकम. संपतची आई.

त्या सहज सांगत होत्या. गावच्या शाळेला संपतचं नाव दिलंय. या पत्रातलं शेवटचं वाक्य गुरुजींनी भिंतीवर रंगवून घेतलंय, हाताएवढ्या अक्षरांत. पोरं झेंड्याच्या दिवशी ते एका सुरात म्हणतात. मग पत्राकडे पाहून म्हणाल्या, "ज्यानं हे लिव्हलं त्याला एकदा इचारायचंय मला."

काय विचारायचंय, असं मी कसंबसं म्हटलं.

"माझा संपत मला बाई म्हनायचा. माता न्हाई, आई न्हाई, बाई. आन हे पुत्र, उद्गार, असलं त्याच्या बापाच्यानं बोलणं झालं नसतं. मंग मी म्हनलं, हे लिव्हनाऱ्यानं मनानंच घातलं. आन मनानं का घालावं लागलं? जवळ कुनी नसंल म्हनून. माझं लेकरू एकलंच गेलं आसंल." हे त्या अगदी साध्या आवाजात बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांचं तसं पक्कं झालेलं होतं.

मी आधार म्हणून जे वाक्य लिहिलं, त्यानंच त्या बाईला पंचवीसेक वर्षं असं समजायला लावलं होतं, की आपला मुलगा कुणी जवळ नसताना गेला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. चहा केला, त्यांना रिक्षानं स्टँडवर सोडलं, चांदवडच्या गाडीत खिडकीजवळ बसवलं आणि घरी आलो. बायकोनं चेहरा पाहून विचारलं तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग इथे काय बसलात? ज्यांना माहीत आहे त्यांना जाऊन विचारा."

फोन करून उपयोग नव्हता. तोफेवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं ते सांगायला नको. उस्तादांना फोन केला की ते "कोण? कोण?" असं तीनदा विचारतात आणि "बरं हाय, बरं हाय" म्हणून ठेवून देतात. मी घोटीला गेलो. उस्ताद ओट्यावर भाताच्या रोपांची मोळी बांधत बसले होते. मला पाहून म्हणाले, "बीए, लय जाडा झाला." मी सगळं सांगितलं, सांगितलं म्हणजे ओरडलो. वाडीतल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी माझं पाप कळलं.

उस्तादांनी मोळी खाली ठेवली. आणि ज्या माणसाला हळू बोलता येतच नाही असं मी समजत होतो, तो हळू बोलायला लागला.

संपत खंदकातून वर चढला तेव्हा उस्तादांनी त्याच्या पट्ट्याला हात घातला होता, तो निसटला. मग त्यांनी शिवी हासडली. आईवरून. तो आग विझवत होता तेवढा वेळ ते खंदकातून शिव्या देत होते, सगळ्या आईवरूनच. तो परत आला, खंदकाच्या तोंडाशी त्याला पोटात लागलं, आणि तो उस्तादांच्या मांडीवर पडला. शिव्या चालूच होत्या, थांबवता येईनात. तेव्हा तो यांच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "उस्ताद, शिव्या मागून घाला, आधी पानी द्या."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. मंग थोड्या वेळानं गेला. माझ्याच मांडीवर." पुढं म्हणाले, "मी त्या बाईला शिव्या देत व्हतो रं. तिचं लेकरू मरत व्हतं आन मी तिलाच शिव्या देत व्हतो. कोनत्या तोंडानं जाऊ तिच्याकडं?"

मी म्हणालो, माझ्याबरोबर चला. ते नाही म्हणाले. सुनेनं आग्रह केला, तरी नाही. आयुष्यात एकदाच या माणसाला घाबरलेला पाहिला, तो त्याच्या स्वतःच्या ओट्यावर.

दोन दिवसांनी मी चांदवडला उतरून सुभद्रामावशींच्या गावी गेलो. वाटेत शाळा लागली. भिंत नुकती रंगवलेली होती, आणि माझं वाक्य लांबूनही स्वच्छ वाचता येत होतं. माझं लिखाण इतक्या मोठ्या अक्षरांत त्याआधी कुठे छापून आलं नव्हतं. मी मान खाली घालून पुढं गेलो.

मावशींना मी आधी सांगितलं की ते पत्र माझं. मग घडलेलं सांगितलं, जसं उस्तादांनी सांगितलं तसं. शिव्यासुद्धा सांगितल्या, फक्त जशाच्या तशा म्हणून दाखवल्या नाहीत. त्यांनी एकदा विचारलं, "मांडीवर?" मी म्हणालो, मांडीवर. त्यांनी पदर तोंडाला लावला. मग मी त्याचं वाक्य सांगितलं.

मावशी हसल्या. डोळ्यांतून पाणी आणि तोंडानं हसू. "ह्यो माझा संपत," म्हणाल्या. "बापाला बी असाच बोलायचा. बाप मारायला धावला की म्हनायचा, दमला आसशीन, आधी बस."

भिंतीवरच्या वाक्याचं काय करायचं, मी विचारलं. म्हटलं, मी स्वतः जाऊन गुरुजींना सांगतो. त्या म्हणाल्या, "राहू दे तसंच. पोरांना पाठ झालंय. आन गुरुजी रंगासाठी पुन्हा गावभर वर्गनी मागत फिरंल." हे सगळं दिवाळी अंकात लिहू का, असंही विचारलं. म्हणाल्या, "लिही. पर आता मनाचं घालू नको."

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा त्यांनी मागून एक प्रश्न विचारला, आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून नाशिकला परत येताच बोडके उस्तादांना पत्र लिहिलं. त्यांची सून ते त्यांना मोठ्यानं वाचून दाखवील. क्लार्क असल्यामुळे नक्कल ठेवली आहे, ती खाली देतो. लेख संपादकांकडे जाईपर्यंत उत्तर आलेलं नाही.

आदरणीय उस्ताद,
सप्रेम नमस्कार.

मी संपतच्या आईकडे जाऊन आलो. तुम्ही जे सांगितलं ते सगळं सांगितलं. शिव्यांचंही सांगितलं. त्यावर त्यांचा निरोप असा आहे, शब्द त्यांचेच: "ये म्हनावं त्याला. माझ्या लेकराला मागं वढायला दिल्या ना शिव्या? मंग त्या मीच दिल्या आसत्या." त्या रागावलेल्या नाहीत. तो तुमच्या मांडीवर गेला हे कळल्यावर त्यांनी तुमचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि तुम्ही जेवायला काय खाता ते विचारलं.

निघताना त्यांनी मला विचारलं, "मंग पानी दिलं का त्यांनी?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो. उस्ताद, पोटात लागलेल्या माणसाला पाणी द्यायचं नसतं, ते जिवावर बेततं, हे आपल्याला शिकवलेलं होतं. तुम्हालाही आणि मलाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही मला 'एवढंच' म्हणालात तेव्हा मी पुढं विचारलं नाही, आणि घोटीहून परत येताना गाडीत मला कळलं की तुम्ही शिव्यांमुळे एवढी वर्षं अडून राहिला नसाल.

मागच्या वेळी मला माहीत नव्हतं तेव्हा मी मनानं लिहून टाकलं. तुम्ही तेव्हाच अडवलं होतं, मी ऐकलं नाही. या वेळी लिहिणार नाही. 'हो' म्हणणं सोपं होतं, त्या खूश झाल्या असत्या. पण त्यांना लगेच कळलं असतं.

मी त्यांना एवढंच म्हणालो की हे उस्तादच सांगतील. त्या म्हणाल्या, "दिलं आसंल तर दिलं, न्हाई तर न्हाई. पर त्याच्या तोंडून आईकू दे."

तुम्ही कळवाल त्या दिवशी सकाळी मी घोटीला येतो. आपण दोघं जाऊ. घरात तुम्ही आणि त्या बोला, मी बाहेर ओट्यावर बसेन. फक्त जरा हळू बोला, शेजारी शाळा आहे.

आपला,
बीए